आज प्रेसवर गर्दी हाय

सिदू, तुझा शेवटचा मेसेज वाचला तेव्हा तो मला अगदी ताजा वाटला होता.

'आज प्रेसवर गर्दी हाय.  उद्या निवांत बोलू.'

मंगळवार होता. मी कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेच्या अर्जांच्या गठ्ठ्यांमागे बसलो होतो. लग्नसराई आहे, पत्रिकांचा ढीग लागला असेल, म्हटलं बिचाऱ्याला जरा विरंगुळा द्यावा. म्हणून आमच्या साहेबांच्या फिरत्या खुर्चीचं चाक निखळल्याची गोष्ट तुला लिहून पाठवली. चांगली ऐसपैस. साहेब प्रत्यक्षात नुसते कलले होते, मी त्यांना पार फायलींच्या कपाटापर्यंत नेऊन आपटलं. तू उत्तरादाखल एक अंगठा पाठवलास. गुरुवारी मी तुझ्या उशाशी होतो आणि शुक्रवारी सकाळी तू नव्हतास.

आता तीन आठवड्यांनी मला कळलंय की तो मेसेज ताजा नव्हता. तू तो मला एकोणीस वेळा पाठवला होतास. अक्षर न अक्षर तोच. आणि हे कळलं तेही तूच शिकवलेल्या युक्तीनं. म्हणजे माणसाला फसवायचं आणि फसवणूक पकडायचं अवजारही त्याच्याच हातात ठेवून जायचं! इतका बिनडोक तू नव्हतास. की मी ते अवजार कधी नीट चालवणारच नाही, याची तुला खात्री होती?

लोक गेलेल्या माणसाविषयी गोड लिहितात. मीही लिहीन, पण आधी मला भांडू दे. एरवी भांडण रंगात आलं की तू कानडीत 'साकु' म्हणायचास, म्हणजे पुरे, आणि कॉम्प्युटरकडे तोंड फिरवायचास. आता फिरव बघू.

आपण सख्खे मावसभाऊ. मैंदर्गीत एका गल्लीत वाढलो, एका वर्गात नापास झालो. तू अकरा महिन्यांनी मोठा, म्हणून घरचे मला बजावायचे, 'अण्णा म्हण त्याला.' मी कधी म्हटलं नाही. पुढं दोघंही सोलापुरात आलो. तू बाळीवेशीतल्या एका बोळात प्रेस टाकलास, वरच्या मजल्यावर बिऱ्हाड केलंस, मी कॉलेजात कारकून झालो. घराण्यात कामाची वाटणी आपोआप झाली. बारसं असो, साखरपुडा असो, पत्रिका तुझ्याकडची आणि माईक माझ्याकडे. तू छापलेल्या तारीख-वार-मुहूर्तावर लोक गाड्या ठरवायचे. मी बोलायचो त्याची हमी कुणी मागत नसे.

गेल्या उन्हाळ्यात तूच विषय काढलास. 'मल्या, तू एक दिवस जाशील आन् ह्या गोष्टी बी जातील. छापून टाकू. शिवरात्रीला सगळी मैंदर्गीत जमत्यात, तवा वाटू.'

मी जाईन म्हणे! तेव्हा तुला दुखण्याचं काही कळलं होतं का, हे मी नंतर महादेवी वहिनींना विचारलं. नव्हतं, म्हणाल्या. एवढं एक बरं. नाहीतर त्या वाक्यासाठीही तुझ्याशी वेगळं भांडावं लागलं असतं.

पुस्तकाचं काम सुरू झालं. मी गोष्टी फोनला सांगायचो, फोन त्या उतरवून घ्यायचा, मी त्या तुला पाठवायचो. बोलताना मी अडखळलो की फोनही अडखळायचा. 'आणि आणि', 'म्हणाले म्हणाले', 'तो तो'. तू वैतागलास. एका पत्रिकेत 'सौ. सौ.' असं दोनदा छापून गेलं होतं आणि वरमाईनं प्रेसच्या दारात उभं राहून तुझा उद्धार केला होता. तेव्हापासून दोनदा आलेल्या शब्दाची तुला धास्तीच बसली होती. दोन शब्दांत चुकून दोन मोकळ्या जागा पडल्या तरी तुला ते खड्ड्यासारखं दिसायचं.

एका रविवारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात घेऊन तू मला शेजारी बसवलंस.

'हितं बघ. ह्याला पॅटर्न म्हणत्यात. शब्द शोधायचा न्हाय, शब्दाची तऱ्हा शोधायची.'

आणि स्क्रीनवर लिहिलंस: (\S+) \1

'ही कसली कोंबडीची पावलं?'

'गप की जरा. कंस म्हंजे मूठ. मुठीच्या आत सांगितलंय, मोकळी जागा सोडून काय बी घावू दे. जे घावंल ते धरून ठिवायचं. मग एक मोकळी जागा. मग ही उलटी रेघ आन् एक. म्हंजे पयल्या मुठीत जे धरलंय ते हितं पुन्हा पायजे.'

'म्हणजे तसलंच काहीतरी पुन्हा.'

'तसलंच न्हाय रं. तेच.'

'फरक काय त्यात?'

तू भाकरीचा तुकडा मोडलास. तो आवाज अजून कानात आहे, कुरकुरीत.

'आजोबांच्या बैलाची गोष्ट तू मला चाळीस वर्सं सांगतोयस. कदी बैल पांढरा, कदी लाल. कदी दुधनीच्या बाजारात इकला, कदी अक्कलकोटच्या. आजोबांच्या आदी बैल घरी येऊन हुबा ऱ्हातोय, एवढंच काय ते कायम. ती झाली तसलीच गोष्ट. तेच म्हंजे काना-मात्रा बी हलायचा न्हाय. तुला हा पॅटर्न जन्मात धरायचा न्हाय बघ.'

मला ते कौतुक वाटलं. त्याच आठवड्यात मी ते दोन ठिकाणी सांगितलं.

पुढच्या रविवारी तू माझ्या हाती फाईल दिलीस आणि बजावलंस, 'येक येक बघून बदल. आन् शब्दाच्या दोन्ही बाजूंना कुंपण घाल, न्हायतर शब्दाच्या पोटातलं बी धरतंय.' कुंपण कसं घालायचं तेही दाखवलंस. मी तेव्हा फोनवर आत्याला काहीतरी सांगत होतो. एकेक बघायला आयुष्य कुणाला आहे? सगळं एकदम बदलायचं बटण होतं, ते मी दाबलं. क्षणात शेकडो दुरुस्त्या झाल्या. मी छाती फुगवून तुला हाक मारली.

तू पहिलं पान वाचायला घेतलंस. आपले आजोबा बाजारात गेले होते. पॅटर्ननं एका शब्दाचं शेपूट आणि पुढच्याचं तोंड सारखं बघितलं, दोनातला एक 'बा' गिळला, आणि झालं, 'आजोबाजारात गेले'. बैल लाल होता, तो 'बैलाल' झाला. मला लाडू मिळायचा, तो 'मलाडू' मिळाला. ते एक वेळ सोडून देऊ. पण जिथं खरोखरच दोनदा म्हणायचं होतं तिथंही एकेकच उरलं. मैंदर्गीचे म्हातारे गुरुजी आयुष्यभर हळू हळू चालले, ते आता नुसते हळू चालू लागले. आणि पालखी निघाली तेव्हा सगळा गाव एकदाच 'हर महादेव' म्हणून घरी गेला.

तू हसलास. खुर्चीचा हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलास. 'आरं, गावाचा दम काढलास की रं सगळा.' मग डोळे पुसलेस आणि म्हणालास, 'जाऊ दे. तुज्या हातात द्यायच्या आदी मी कॉपी काढून ठिवली व्हती.'

'म्हणजे माझ्यावर विश्वास नाही.'

'हाय की. पर कॉपी बी हाय.'

तेव्हा मीही हसलो होतो. आज हे वाक्य आठवलं की हसू येत नाही.

त्या फाईलीत तुझीही एक गोष्ट होती. बारा वर्षांपूर्वी तुझं मूतखड्याचं ऑपरेशन झालं. भूल उतरता उतरता तू सिस्टरचा हात घट्ट धरलास आणि 'अव्वा, अव्वा' करून आईच्या नावानं रडलास. मावशीला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. सिस्टर असेल पंचविशीची. तिनं हात सोडवून घेतला नाही, तुला थोपटत बसली. हे तू मला एकट्याला सांगितलंस, बोळाच्या तोंडाशी उभा राहून, रिक्षांकडे बघत. शेवटी म्हणालास, 'हे कुणाला बोलू नगंस.'

मी नाही बोललो. सव्वा महिना नाही बोललो. मग तुझ्याच पुतणीच्या बारशात माझ्या हातात माईक आला आणि मी सगळं आवाजासकट करून दाखवलं. सिस्टरचा थोपटणारा हातसुद्धा. जेवायला बसलेली माणसं पानं सोडून हसली. तू सगळ्यांत मोठ्यानं हसलास. पोरं तुला दोन वर्षं 'अव्वाकाका' म्हणत होती.

त्यावरून तू मला कधी एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं, आवडली.

मग श्रावणात तुझं दुखणं निघालं. मला सोडून ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलं. दर मंगळवारी तुला केमोला नेत होते. आणि मंगळवारीच मी तुला फोन करायचो, कारण त्या दिवशी साहेब मीटिंगला जातात आणि ऑफिस मोकळं असतं. तू उचलायचा नाहीस. थोड्या वेळानं मेसेज यायचा, प्रेसवर गर्दी हाय. मी सगळ्यांना सांगत सुटलो, सिदूचा धंदा काय चाललाय! मंगळवारी तर माणसाला फोन उचलायला फुरसत नाही!

दसऱ्याला सोनं द्यायला आलास तेव्हा डोक्यावर टोपी होती आणि टोपीखाली तुळतुळीत.

'नवस व्हता,' म्हणालास. 'केस दिले.'

जन्मात देवाला नारळाच्या पुढं काही न बोललेला माणूस तू! मला संशय यायला हवा होता. मला संशय आला नाही, गोष्ट सुचली. प्रेसचं जुनं मशीन बंद पडलं, मेकॅनिक हरले, शेवटी सिदू मशीनसाठी नवस बोलला आणि देवानं रोलर फिरवले, अशी ती गोष्ट मी तीन लग्नांत सांगितली. त्यातल्या एका लग्नात तू पुढच्याच रांगेत होतास. टोपी काढून मांडवाला टक्कल दाखवलंस, माझ्या गोष्टीला साथ दिलीस! माझी बायको, सुनंदा, तुझ्या मागं बसली होती आणि पूर्ण वेळ खाली बघत होती. मला वाटलं, तिला ही गोष्ट तिसऱ्यांदा ऐकावी लागतेय म्हणून.

कडक भाकरी तू चहात बुडवून मऊ करून खायला लागलास. विचारलं तर 'दात दुखतोय'. संक्रांतीच्या जत्रेत नंदीध्वज बघायला यंदा आला नाहीस. विचारलं तर 'गर्दी सोसत न्हाय आता'. तुझं प्रत्येक उत्तर मी गिळलं. मी स्वतः इतकं खोटं बोलतो, सिदू, की दुसरं कुणी बोलत असेल हे माझ्या डोक्यातच येत नाही.

त्या गुरुवारी अकरा वाजता वहिनींचा फोन आला. 'भावजी, या. लगेच या.' कुठं यायचं ते त्यांनी सांगितलं आणि मी रिक्षात बसून दवाखान्याचं नाव तीनदा विसरलो.

पलंगावर होता तो तूच, हे मला चष्मा पुसून बघावं लागलं. डॉक्टरांनी तोंडानं पाण्याचा थेंबसुद्धा बंद केला होता. वहिनी ओल्या कापसानं तुझे ओठ टिपत होत्या. त्यांनीच दारात मला सगळं सांगितलं होतं, श्रावणापासूनचं, चार वाक्यांत. मला कधी चार वाक्यांत काही सांगता आलं नाही.

'का नाही सांगितलंस मला?'

तू डोळे उघडलेस. 'सांगितलं असतं तर तू गोष्ट केली असतीस की.'

'नसती केली.'

'मल्या,' तू म्हणालास. नुसतं मल्या.

मी वहिनींच्या हातातून ओला कापूस घेतला.

दुपारी वहिनी खाली औषधं आणायला गेल्या, तेव्हा तू मला बोटानं जवळ बोलावलंस. मी कान तुझ्या तोंडाशी नेला. तू जे सांगितलंस ते सांगायला तुला बराच वेळ लागला, मधे मधे थांबलास. आणि शेवटी म्हणालास, 'हे कुणाला बोलू नगंस.'

बारा वर्षांपूर्वी बोळाच्या तोंडाशी म्हणाला होतास तेच. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

शुक्रवारी तुला आपल्या लिंगायत रीतीनं बसवून निरोप दिला. कपाळभर विभूती, मान किंचित पुढं. प्रूफ वाचताना बसायचास तशी. मला सारखं वाटत होतं, आता हा कुणाच्या तरी श्लोकातली चूक काढणार.

घरी आलो. सुनंदा स्वयंपाकघरात उभी होती. मी विचारलं, 'तुला माहीत होतं?'

'व्हय.'

'कधीपासून?'

'श्रावणापासून. महादेवीताई बोलल्या. मग सिदूभावजींनी शपथ घातली.'

'आणि मी? मी कोण त्याचा?'

'तुमी माईक हाय,' ती म्हणाली.

मग तिलाच वाईट वाटलं असावं. भांडं खाली ठेवून ती जरा मऊ आवाजात बोलली, 'आपल्या मोरीचं पाणी तुंबलं तरी तुमी कॉलनीत नाटक करून दाखवता. भावजींना शेवटपत्तूर साधं माणूस म्हणून ऱ्हायचं व्हतं. तुमच्या गोष्टीतला सिदू व्हायचं नव्हतं.'

मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. घर इतकं शांत झालं की शेजारीण विचारायला आली, भाऊ गावाला गेलेत का.

राग तुझा होता, तिचा नव्हता. एका घरात बसून सहा महिने तिनं तुझं गुपित सांभाळलं आणि मी शेजारी जेवत होतो! वहिनी, सुनंदा, डॉक्टर, सुई टोचणारी सिस्टर, सगळ्यांना तू जवळचा झालास. चाळीस वर्षं ज्याच्या ताटात जेवलास त्याला मात्र प्रेसवरची गर्दी. दुखणं माणसाच्या हातात नसतं, मान्य. पण मी तुझ्या टकलाची चेष्टा करत होतो आणि तू ती करू देत होतास. हे तुझ्या हातात होतं. मला थांबवायचंस. निदान एकदा 'साकु' म्हणायचंस.

अकराव्या दिवशी मैंदर्गीत गणाराधना झाली. पंगत बसली. दुधनीहून आलेली तुझी भाची माझ्या समोर होती. तिनं विचारलं, 'मल्लूमामा, शेवटी काय बोलले हो सिदूमामा? तुमीच व्हता की जवळ.'

आजूबाजूचे हात थांबले. सगळ्यांनी माझ्याकडे तोंडं वळवली. माईक तेवढा नव्हता. आणि खरं सांगतो सिदू, माझा गळा तयार झाला. कुठून सुरुवात करायची, ओल्या कापसाशी किती वेळ थांबायचं, आवाज कुठं खाली न्यायचा, सगळं आपोआप जुळून आलं होतं. तू मला सांगितलेलं वाक्य जिभेच्या टोकावर होतं. इतकी चांगली गोष्ट माझ्याकडे आजवर कधी नव्हती.

मी म्हणालो, 'चहा मागितला, दोन घोट घेतले, निवांत होता.'

लोक थांबले, पुढचं ऐकायला. पुढचं नव्हतं. कुणीतरी खाकरलं.

वहिनी हुग्गीचं, गव्हाच्या खिरीचं, भांडं घेऊन पंगतीत उभ्या होत्या. तुझ्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नव्हता हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वाकून माझ्या पानात हुग्गी वाढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, 'व्हय. चहाच मागितला.'

गेल्या रविवारी त्यांनी मला प्रेसची किल्ली दिली. 'शिवरात्र आली भावजी. पुस्तक पुरं करा. ते लई मागं लागले व्हते त्याच्या.'

दुपारी मी तुझ्या खुर्चीत बसलो. ती अजून तुझ्याच मापाला खचलेली आहे. तू काढून ठेवलेली कॉपी उघडली. आजोबा आणि बाजार वेगळे झालेले. गुरुजी हळू हळू चालताहेत. फोननं अडखळून लिहिलेलं तेवढं तू एकेक बघून काढलं होतंस, बाकी सगळं जागच्या जागी. मी भीत भीत तुझी गोष्ट शोधली. मला वाटलं, ती तू काढून टाकली असणार. छपाई तुझी, फाईल तुझी, एक कळ दाबली की काम झालं असतं, आणि मला आयुष्यात पत्ता लागला नसता.

गोष्ट होती. 'अव्वा, अव्वा' दोन्ही होते. सिस्टरचा हातही होता. उलट माझ्या हातून तिथं एक चूक झाली होती, मी तिला नर्स आणि सिस्टर असं आलटून पालटून म्हटलं होतं, ते तू सगळीकडे सिस्टर केलं होतंस.

म्हणजे मला माफ केलं होतंस. आणि तरीही सांगितलं नाहीस. दोन्ही एकाच माणसाच्या बाबतीत करता येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मग वाटलं, पुस्तकात तुझ्यावर एक नवं प्रकरण घालावं. तुझी बोलण्याची ढब यावी म्हणून आपले सगळे मेसेज फोनमधून तुझ्या कॉम्प्युटरवर घेतले. तू पुन्हा पुन्हा काय म्हणायचास ते शोधू, एखादं तुझं असं खास वाक्य सापडेल. पॅटर्न लिहायला बसलो. नावापुढचं अख्खं वाक्य मुठीत धर. मधे कितीही दिवस, कितीही ओळी जाऊ देत. मग तेच पुन्हा. या वेळी कुंपणं घातली. या वेळी एकेक बघितलं.

पहिलंच सापडलं ते हे. 'आज प्रेसवर गर्दी हाय.  उद्या निवांत बोलू.'

पुढं गेलो, तेच. पुढं गेलो, तेच. मी कॅलेंडर काढलं. एकोणीस मंगळवार.

आधी वाटलं, असेल, माणूस रोजच्या घाईत तसंच लिहितो. मग दिसलं की दोन वाक्यांमधे दोन मोकळ्या जागा आहेत. पहिल्या मंगळवारी तुझं बोट थरथरलं असेल, एक जास्तीची पडली. आणि दुहेरी जागा दिसली की ज्याला जेवण गोड लागत नसे, त्या माणसानं ती पुढं अठरा वेळा तशीच ठेवली. तू लिहीत नव्हतास. तेच उचलून पाठवत होतास.

आणि त्या एकोणिसांच्या खाली माझी उत्तरं. एकही दुसऱ्यासारखं नाही. साहेबांची खुर्ची. कॉलेजच्या गच्चीवरची माकडं. आजोबांचा बैल दोनदा, एकदा पांढरा आणि एकदा शिंगं नसलेला. मला इतकी लाज वाटली की मी स्क्रीन बंद केला. माणूस तिकडं पलंगावर पडलाय आणि मी त्याला माकडं पाठवतोय.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी विचारलं, 'माझं हे वाचायचा तरी का तो?'

'वाचायचे म्हंजे? मोठ्यानं वाचायचे, शेजारच्या पलंगाला बी ऐकू जाईल असं. सिस्टर वरडायची, काका, हसू नका, सुई हलतीय.' त्या पदरानं कपाची कड पुसत होत्या. 'हात जड झाला की मलाच सांगायचे, महादेवी, ते प्रेसवर गर्दी हाय ते पाठव आदी. मग मल्या काय लिवतोय बघ.'

मी चहा संपवला. तो गार झाला होता, पण संपवला.

तर असं आहे, सिदू. तू मला तेच वाक्य टाकायचास आणि मी दर वेळी नवी गोष्ट द्यायचो. तुझ्या सुईच्या वेळेला मी तिथं होतो म्हणायचं, फक्त ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. हे कळल्यावर राग गेला असं मी लिहिलं तर ती माझ्या नेहमीच्या गोष्टींतली होईल. गेलेला नाही. मला तिथं बसायचं होतं. गप्प बसलो असतो. नसतो बसलो कदाचित, पण मला एकदा संधी द्यायचीस. बारा वर्षांनी, माझ्यातला निम्मा माणूस म्हातारा झाल्यावर, अजून एकदा.

दिलीस म्हणा. शेवटच्या दुपारी दिलीस. माझ्या एकोणीस गोष्टी नेल्यास आणि तुझी एक ठेवायला दिलीस.

पुस्तक छापून होतंय. तुझ्यावरचं प्रकरण त्यात नाही. हा मजकूर वेगळा छापला जाईल, तो वाचून आपले नातेवाईक मला शिवरात्रीला मैंदर्गीत गाठणार हे ठरलेलं आहे. चहा खोटा होता तर मग खरं काय, म्हणून आत्या माझा हात धरून बसणार, आणि दुधनीची भाची पुन्हा समोर येणार. गाठू देत. पहिल्यांदा ते चहाचं वाक्य बोलताना जीभ जड झाली होती. आता बसलंय तोंडात. आत्याला सांगून झालं, साहेबांना सांगून झालं, दाराशी थांबून विचारणाऱ्या तुझ्या कागदवाल्याला सांगून झालं, आणि अजून काना-मात्रा हललेला नाही. तुझा पॅटर्न मला जन्मात धरायचा नाही म्हणाला होतास ना, अण्णा? आता लावून बघ.

चहा मागितला, दोन घोट घेतले, निवांत होता.